मशीन वाचत नाही त्या ओळी

२००४च्या वसंतात आमच्या कंपनीनं माझा प्रोग्रॅम पुण्यातल्या एका फर्मकडे सोपवायचं ठरवलं. या निर्णयाला जिवाच्या आकांतानं विरोध करणारा माणूस सबंध कंपनीत एकच होता, आणि तो म्हणजे मी. जन्मानं पुणेकर, शिक्षणानं पुणेकर, आणि बायकोच्या मते स्वभावानं तर गरजेपेक्षा जरा जास्तच पुणेकर.

कंपनीचं काम सांगायला सोपं होतं. न्यू जर्सीतल्या आमच्या गोदामांतून आसपासच्या रुग्णालयांना औषधं जायची. कुठलं औषध कुठल्या ट्रकमध्ये चढवायचं आणि ट्रकनं कुठल्या क्रमानं फिरायचं, हे ठरवणारा प्रोग्रॅम मी सत्तरच्या दशकात लिहिला होता. आधी पंच केलेल्या कार्डांवर, मग टेपवर, मग डिस्कवर, असा तो मशीनं बदलत बदलत तीस वर्षं चालत राहिला. त्याची भाषा कोबोल. ती भाषा आता फक्त म्हाताऱ्यांना येते, असं तरुण मंडळी माझ्यासमोर म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तो सगळा प्रोग्रॅम नव्या भाषेत नव्यानं लिहायचा, आणि तो लिहिणाऱ्यांना जुना समजावून द्यायचा, एवढं माझं शेवटचं काम. मग मी निवृत्त होणार होतो.

स्पर्धेत तीन फर्म होत्या: हैदराबादची, चेन्नईची आणि पुण्याची. मीटिंगमध्ये मी चेन्नईची बाजू अशी लावून धरली, की त्या लोकांनी मला जन्मभर इडली-सांबार फुकट द्यायला हरकत नव्हती. माझा साहेब चकित झाला. ‘मला वाटलं, तुझ्या गावाचं नाव ऐकून तू नाचशील,’ तो म्हणाला. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, ‘असले निर्णय गाव बघून घ्यायचे नसतात.’ तो इतका खूश झाला, की त्यानं हे वाक्य वरच्या लोकांना ऐकवलं आणि माझ्या निःपक्षपातीपणाचा बराच बोलबाला झाला. खरं कारण एवढंच होतं, की तंजावरकडची मंडळी सोडली तर चेन्नईच्या बाजूला मराठी समजणारं माणूस सहसा सापडलं नसतं.

हे नीट समजायला कोबोलबद्दल एक गोष्ट सांगावी लागेल. कोबोलच्या ओळीत सातव्या रकान्यात चांदणीची एक खूण (*) टाकली, की मशीन ती ओळ सोडून पुढे जातं. ती ओळ माणसांसाठी असते. पुढे कुणाला हा प्रोग्रॅम दुरुस्त करावा लागला, तर इथे आपण काय केलं आणि का केलं, हे त्याला कळावं म्हणून लिहायची. त्याला म्हणतात कॉमेंट. आमच्या कंपनीचा नियम होता, की दर दहा ओळींमागे एक कॉमेंट हवीच. ती आहे की नाही हे बघायला एक कारकून होता. तो पेन्सिलीच्या टोकानं चांदण्या मोजायचा. चांदणीच्या पुढे काय लिहिलंय, ते त्यानं कधी वाचलं नाही.

पहिलं वर्षभर मी अगदी शहाण्या मुलासारखं इंग्रजीत लिहिलं. मग एक हिवाळा आला. मी तेव्हा एडिसनमध्ये एका खोलीत राहत होतो. आज त्या गावात ओक ट्री रोडवर गेलं की अळूच्या पानांपासून चकलीच्या सोऱ्यापर्यंत सगळं मिळतं आणि पार्किंग सोडून कशाचाच तुटवडा नसतो, पण तेव्हा कोथिंबिरीच्या जुडीसाठी न्यूयॉर्क गाठावं लागे. लग्न झालं होतं, बायको अजून पुण्यातच होती. मराठी बोलून मला चार महिने झाले होते. एका दुपारी नियमाप्रमाणे दहावी ओळ आली आणि मी रोमन अक्षरांत चक्क लिहून टाकलं, ‘आज फार थंडी आहे. बोलायला कुणी नाही.’ कारकुनानं चांदणी मोजली. मशीननं ओळ सोडली. ट्रक वेळेवर निघाले. कुणाचं काही बिघडलं नाही.

तिथून मला चटक लागली. त्या प्रोग्रॅमच्या पोटात माझी अख्खी दहा-बारा वर्षं आहेत. बायको कोणत्या दिवशी आली, तिनं विमानतळावर केवढा कोट घातला होता, मुलगी झाली तेव्हा वजन किती भरलं, आंब्याचा डबा गंजलेला निघाला, हे सगळं औषधांच्या ट्रकांमध्ये बसवलेलं. एकदा बाहेरून तपासनीस आले होते. त्यांनी या ओळींवर बोट ठेवलं तेव्हा मी सांगितलं, ‘ही तांत्रिक संक्षिप्त रूपं आहेत.’ त्यांनी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं.

आणि साहेब होता. मी नोकरीला लागलो तेव्हा तो माझा सुपरवायझर होता, वयानं जेमतेम दोन वर्षांनी मोठा. तिथल्याच एका अमेरिकन बेकरीवाल्याचा मुलगा, सहा फूट उंच, हसला की पलीकडच्या खोलीतली माणसं वर बघायची. २००४पर्यंत तो डायरेक्टर झाला होता. त्याच्याबद्दलही मी लिहिलं होतं. ‘हा गाढव ऐकत नाही, म्हणून ही तपासणी दोनदा करावी लागते,’ अशा छापाच्या ओळी पाच-सहा तरी असतील. त्या वाचून तो हसला असता. त्यांची मला धास्ती नव्हती. मला धास्ती होती ती एका वेगळ्या ओळीची.

ती १९७७ची. माझे वडील पुण्याच्या तार ऑफिसात होते. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या सुखदुःखाच्या तारा पाठवल्या आणि ते गेल्याची तार मला एका शुक्रवारी मिळाली. धाकट्या भावानं अग्नी दिला होता. मी थोरला. बायको म्हणाली, निदान तेराव्याला तरी पोचायला हवं. रविवारी मी न्हाव्याकडे जाऊन डोकं भादरलं. मिशीही काढायला सांगितली तेव्हा त्या न्हाव्यानं तीनदा विचारलं, नक्की ना? सोमवारी सकाळी तसाच ऑफिसात गेलो. मनात धरून चाललो होतो, की माझ्याकडे नुसतं बघितलं तरी कळेल. डोक्यावर केस नाहीत, ओठावर मिशी नाही, डोळे सुजलेले. पुण्यात असा माणूस दारात आला, तर त्याला कुणी बोलू देत नाही. आधी बसायला देतात, पाणी देतात, मग हळूच विचारतात, कधी गेले?

साहेबानं मला पाहिलं आणि तोंडभर हसून म्हणाला, ‘अरे वा! नवा अवतार! छान दिसतोस.’

मी दोन आठवड्यांची रजा मागितली. तो म्हणाला, ‘आत्ता? एक तारखेला नवं मशीन येतंय. काही इमर्जन्सी आहे का?’ आणि मी, शिकलासवरलेला माणूस, म्हणालो, ‘नाही नाही. घरचं काम आहे.’ तो म्हणाला, ‘मग उन्हाळ्यात जा ना, चांगला महिनाभर जा.’ मी हसून थँक यू म्हटलं आणि जागेवर येऊन बसलो. दहावी ओळ नव्हती, तिसरीच होती. तरी चांदणी टाकली आणि लिहिलं, ‘माझे वडील गेले. डोकं भादरून समोर उभा राहिलो, तर हा म्हणतो छान दिसतोस. रजा दिली नाही. या माणसाला मी जन्मात माफ करणार नाही.’

ते लिहिलं तेव्हा अगदी मनापासून लिहिलं होतं. पण जन्म लांब असतो. उन्हाळ्यात मी पुण्याला जाऊन आलो. पुढच्या वर्षी बायकोचं ऑपरेशन झालं, तेव्हा साहेबाची बायको आठवडाभर रोज आमच्या मुलीला शाळेतून घरी आणायची. दर थँक्सगिव्हिंगला आम्ही त्यांच्या घरी. आमच्यासाठी टर्कीपासून लांब, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मॅकरोनीचं वेगळं भांडं. दर दिवाळीत ते आमच्याकडे. मुलीच्या लग्नात हा माणूस फेटा बांधून नाचला. मनातला राग कधी आटला ते मला कळलंसुद्धा नाही. ओळ मात्र होती तिथेच राहिली. खोडायला कितीदा मुहूर्त होता, पण चालत्या प्रोग्रॅमला विनाकारण हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे. शिवाय ती वाचणारं होतंच कोण?

काम अर्थातच पुण्याला गेलं. करारात कुणी वकिलानं एक कलम घातलं होतं, की जुन्या प्रोग्रॅममध्ये इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत काही असेल, तर त्याचं भाषांतर करून यादी सादर करावी. ती यादी साहेबाच्या सहीसाठी यायची होती. मी ते कलम वाचलं आणि चहा गार होईपर्यंत कागदाकडे बघत बसलो.

रोज सकाळी साडेसातला पुण्याशी फोनवर बैठक सुरू झाली. पलीकडे पाच-सहा जण, आणि त्यांची प्रमुख एक मुलगी. आवाजावरून पंचविशीतली, बोलायला चटपटीत, सगळं इंग्रजीत. पहिले दोन आठवडे ती मला सर म्हणत होती. मी कान टवकारून असायचो, पण कॉमेंटचा विषय काही निघेना. मला वाटलं, हल्लीची मुलं इंग्रजी शाळेतली, रोमन अक्षरांतली मराठी त्यांच्या डोक्यात शिरली नसेल. जरा हायसं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी बैठक संपल्यावर ती म्हणाली, ‘सर, दोन मिनिटं थांबता का? बाकीचे गेले आहेत.’ आणि एकदम मराठीत, ‘काका म्हटलं तर चालेल ना?’

मी म्हणालो, ‘चालेल. कुठली तू?’

‘मी नागपूरची, काका. इथे जॉबसाठी आली. त्या कॉमेंट्स आम्ही पहिल्याच दिवशी वाचल्या. सगळी टीम हसून राहिली होती. गंजलेल्या आंब्याच्या डब्याचं तर आम्ही प्रिंटआउट काढून लावलं.’

मी खुर्चीत ताठ झालो. ‘मग इतके दिवस बोलली का नाहीस?’

‘तुम्ही आमच्याशी इंग्रजीतच बोलत होते. मला वाटलं, तुम्हाला आवडणार नाही.’ मग म्हणाली, ‘काका, लिस्ट तयार आहे. तीनशेच्या वर ओळी आहेत. त्या साहेबांबद्दलच्या मी जरा सॉफ्ट केल्या. पण एक ओळ मी ट्रान्सलेट केली नाही. सत्याहत्तरची. तुम्ही सांगाल तसं करते.’

समोर काचेपलीकडे साहेब कुणाशी तरी बोलत उभा होता. त्यानं मला बघून हात केला. मीही केला.

‘तिथे लिही, तात्पुरती दुरुस्ती,’ मी म्हणालो.

‘फक्त एवढंच?’

‘एवढंच.’

‘ओके काका.’ मग ती म्हणाली, ‘ती ओळ वाचल्यावर मी घरी बाबांना फोन केला. उगाचच. ते म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, सहज केला.’

फोन ठेवला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात बायको मेथी निवडत होती तिथे बसून मी तिला सगळं सांगितलं. ओळीचं सांगितलं, यादीचं सांगितलं, तात्पुरत्या दुरुस्तीचंही सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल बरं केलंस.

तिनं मेथीची काडी खाली ठेवली. ‘थांब. इमर्जन्सी आहे का, असं त्यानं विचारलं होतं?’

‘हो.’

‘आणि तू नाही म्हणालास?’

‘माझं डोकं दिसत नव्हतं का त्याला?’

‘त्याला काय माहीत आपल्याकडे कशाला भादरतात ते! इथे लोक उकडतं म्हणून भादरतात.’ तिचा आवाज चढला. ‘तू मला घरी येऊन काय सांगितलंस? म्हणालास, साहेबानं रजा दिली नाही. मला वाटलं, वडील गेले हे सांगूनसुद्धा त्यानं दिली नाही. सत्तावीस वर्षं मला तेच वाटतंय. त्याच्या सेक्रेटरीचं मांजर मेलं तेव्हा सगळ्या ऑफिसनं कार्ड दिलं होतं, आणि माझ्या सासऱ्यांसाठी या माणसाचा एक शब्द नाही, म्हणून मी दर दिवाळीला त्याला पान वाढताना दातओठ खाते. त्याची बायको माझ्या मुलीला सांभाळते, आणि मी मनात म्हणते, आता कशाला एवढा पुळका. आणि तू त्याला सांगितलंच नव्हतंस!’

इतकी वर्षं मी स्वतःला त्या गोष्टीतला सोसणारा माणूस समजत होतो. एका मेथीच्या जुडीसमोर माझ्या लक्षात आलं, की त्या सोमवारी चूक करणारा माणूस एकच होता. साहेबानं विचारायचं ते विचारलं होतं. मी खोटं बोललो, हसलो, आणि त्याचा सूड मशीनच्या पोटात लिहून ठेवला. शिवाय बायकोलाही अर्धवट सांगून तिच्याही मनात त्याच्याबद्दल राग पेरला. मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

‘तात्पुरती दुरुस्ती म्हणे,’ ती पुन्हा काडी उचलत म्हणाली. ‘सत्तावीस वर्षं टिकली की.’

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी त्या मुलीला सांगितलं, ‘ती ओळ आहे तशी भाषांतरित कर. एक शब्द सॉफ्ट करू नकोस.’ ती म्हणाली, ‘नक्की ना काका?’ मी म्हटलं, नक्की. तिनं यादी पाठवली. ती साहेबाच्या टेबलावर जायच्या आधी मी त्याच्या खोलीत गेलो आणि दार लोटलं. माझं दार लोटणं बघून तो म्हणाला, ‘कुणी मेलं का?’

मी म्हणालो, ‘हो. सत्याहत्तर साली.’

मग मी उभ्याउभ्याच त्याला सांगितलं. तारेपासून सुरुवात केली, न्हाव्याचं सांगितलं, आमच्यात केस का काढतात ते सांगितलं, त्यानं काय म्हटलं आणि मी काय उत्तर दिलं ते सांगितलं. शेवटी, मी त्याच्याबद्दल काय लिहून ठेवलं होतं ते शब्द न शब्द इंग्रजीत म्हणून दाखवलं. माझं इंग्रजी ऑफिसच्या कामापुरतं तयार झालेलं आहे. त्यात असलं काही म्हणायची सवय नाही.

त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, ‘ते डोकं मला आठवतंय. मला वाटलं, तू पैज हरलास. मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, हा आता आपल्यात रुळायला लागला.’ तो हसला नाही. ‘मी विचारलं होतं तुला.’

‘हो. विचारलं होतंस.’

‘तू नाही म्हणालास.’

‘हो.’

‘आणि मग इतकी वर्षं माझ्या घरी जेवलास.’ त्याचा चेहरा लाल झाला होता. इतक्या वर्षांत त्याचा आवाज मी कधी इतका खाली गेलेला ऐकला नव्हता. ‘मी मुलांना सांगायचो, हा माझा सगळ्यात जुना मित्र. तुझ्या मनात माझा खटला चालू होता, आणि तू मला कोर्टात बोलावलंच नाहीस.’

मी सांगायचा प्रयत्न केला, की राग कधीच गेला होता, फक्त ओळ राहिली होती. ते मलाच लंगडं वाटलं. तो म्हणाला, ‘यादी ठेव तिथे,’ आणि स्क्रीनकडे वळला.

पुढचे आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. कामाचं असलं तर सेक्रेटरीकडून चिठ्ठी. जेवायच्या सुट्टीत आम्ही वर्षानुवर्षं एका टेबलावर बसायचो, तिथे तो आलाच नाही. मी डबा उघडायचो आणि तसाच बंद करून घरी न्यायचो. निवृत्तीला चार महिने उरले होते. आयुष्यभराच्या कामातून माझ्याजवळ काय राहणार होतं? प्रोग्रॅम तर जाणारच होता, ठरलेलंच होतं ते. खरी मिळकत म्हणावी असा हा एक माणूस होता, आणि तो मी स्वतःच्या हातानं घालवला होता. त्या आठ दिवसांत मला फार भीती वाटली. बायको रोज संध्याकाळी विचारायची, ‘बोलला?’ मी मान हलवायचो. ती पुढे काही म्हणायची नाही, आणि हे तिच्या स्वभावाला किती जड जात होतं ते मला दिसत होतं.

पुण्याहून त्या मुलीनंही विचारलं, ‘काका, लिस्टवर साहेबांचा साइन-ऑफ आला नाही अजून.’ मी म्हटलं, ‘येईल.’ ती म्हणाली, ‘माझ्यामुळे काही लफडं झालं का?’ मी तिला सांगितलं, की लफडं तिच्या जन्माच्या आधीच झालेलं होतं.

नवव्या दिवशी सकाळी बैठक संपवून वळलो, तर माझ्या टेबलावर ती यादी ठेवलेली. जाड गठ्ठा, कडा मुडपलेल्या, एका पानावर कॉफीचा गोल डाग. साहेबानं सही करून परत केली असेल, म्हणून मी शेवटचं पान उलटलं. सही होती. मग पहिलं पान उघडलं, आणि समासात पेन्सिलीनं त्याचं अक्षर दिसलं.

त्यानं प्रत्येक ओळीला उत्तर लिहिलं होतं.

‘आज फार थंडी आहे. बोलायला कुणी नाही.’ त्याच्यासमोर लिहिलं होतं, ‘मी दोन टेबलं सोडून बसलो होतो.’ बायको आली त्या ओळीसमोर, ‘म्हणून त्या दिवशी जेवण टाकून पळालास होय. मला वाटलं, आमचं सूप आवडलं नाही.’ मुलीच्या जन्मासमोर, ‘मी तुला सिगार दिला होता. तू तो ड्रॉवरमध्ये ठेवलास, मी बघितलं.’ गाढवाच्या ओळीचं त्या मुलीनं भाषांतर केलं होतं, ‘संबंधित अधिकारी या मुद्द्याशी सहमत नाहीत.’ त्यापुढे साहेबानं लिहिलं होतं, ‘मूळ शब्द काय होता? खरं सांग. आणि संबंधित अधिकाऱ्याचं म्हणणं बरोबर होतं, ट्रेंटनला भलतीकडेच गेलेला तो ट्रक आठव.’ आंब्याच्या डब्यासमोर नुसतंच, ‘अरेरे.’ काही उत्तरं दोन शब्दांची, काही समासात न मावून पानामागे गेलेली. एका ठिकाणी त्यानं चक्क आपलंच दुःख लिहिलं होतं. ज्या वर्षी मी इथल्या एकटेपणाला कंटाळून परत जायच्या गोष्टी लिहीत होतो, त्याच वर्षी त्याची आई आजारी होती, आणि त्यानंही ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. ‘बघ,’ एवढंच पुढे लिहिलं होतं.

मी पानं भराभर उलटायचं थांबवलं. एकेक वाचत गेलो. मध्येच हसू आलं, आणि मध्येच चष्मा काढून पुसावा लागला. बाजूच्या टेबलावरच्या तरुणानं विचारलं, ‘आर यू ओके?’ मी म्हटलं, ‘नाही.’ आयुष्यात पहिल्यांदा त्या ऑफिसात त्या प्रश्नाचं मी खरं उत्तर दिलं असेन. तो बिचारा उठून पाणी घेऊन आला.

सत्याहत्तरची ओळ आली. तिच्यासमोर त्यानं बरंच काही लिहून खोडलेलं होतं. रबरानं खोडून खोडून कागद तिथे इतका पातळ झाला होता, की मागच्या पानावरचं अक्षर दिसत होतं. शेवटी एकच वाक्य शिल्लक ठेवलं होतं. ‘त्यांचं नाव काय होतं?’

मी गठ्ठा उचलला आणि त्याच्या खोलीत गेलो. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. मला बघून खुर्चीकडे बोट केलं. मी बसलो. कोपऱ्यातल्या मशीनमधून त्यानं कागदी पेल्यात पाणी भरलं, माझ्यासमोर ठेवलं, आणि स्वतः टेबलाच्या कडेला टेकून वाट बघत राहिला.

मी वडिलांचं नाव सांगितलं. पूर्ण, आजोबांच्या नावासकट. त्या देशात तीस-पस्तीस वर्षं राहून त्या नावाचा उच्चार मी घराबाहेर कधी केला नव्हता.

साहेबानं ते म्हणून पाहिलं. चुकलं. मी पुन्हा सांगितलं. त्यानं पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. तो म्हणाला, ‘हळू सांग, मला नीट म्हणायचंय.’ मी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, आणि तो एवढा मोठा माणूस टेबलाला टेकून, कपाळाला आठ्या घालून, माझ्या ओठांकडे बघत ते माझ्यामागून म्हणत गेला.

चौथ्या वेळी त्याला बरोबर म्हणता आलं.